आमची वाटचाल : चर, तक्ता आणि मार्चअखेर

आम्ही प्रकल्प व्यवस्थापन शिकवतो. आमच्याकडे येतात ते पाणलोट समितीचे सचिव, ग्रामरोजगार सेवक, बचतगटांच्या सीआरपी ताई (गावातच राहून गटांना मार्गदर्शन करणाऱ्या) आणि लहान संस्थांचे कार्यकर्ते. नगर दक्षिण, बीड, सिन्नर हा आमचा टापू. गावात टिकणारं काम कसं आखायचं, हे अशा माणसांना शिवारात नेऊन शिकवणारं आमच्याआधी या भागात कुणी आमच्या पाहण्यात नव्हतं.

सुरुवात अप्पांमुळे झाली. अप्पा मृदसंधारणातून कृषी पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले आणि माझे भागीदार बनले. माझ्याकडे लॉगफ्रेम (प्रकल्पाची उद्दिष्टं आणि कामं मांडणारा आराखडा) आणि गँट चार्ट (कामांच्या तारखांचा तक्ता) होते, त्यांच्याकडे ए-फ्रेम. दोन लाकडी पाय, आडवी पट्टी, मधोमध सुतळीला बांधलेला दगड. सुतळी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. अप्पांनी स्वतः ठोकलेली ती फ्रेम आजही प्रत्येक तुकडीसोबत टेकडी चढते. लांबच्या अंतराला हायड्रोमार्कर, म्हणजे पाण्याच्या नळीनं पातळी दाखवणारं साधन, जास्त सोयीचं, पण समपातळी म्हणजे काय हे नवख्याच्या हातात बसवावं ते ए-फ्रेमनंच.

सलग समतल चर, म्हणजे उतारावर एका पातळीत खोदलेला पाणी अडवणारा चर, साठ सेंटिमीटर रुंद, तीस खोल, म्हणजे मीटरला 0.18 घनमीटर खोदकाम. हजार मीटरला 180. त्यावरून मजूर, मजुरांवरून दिवस, दिवसांवरून मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट. अंदाजपत्रक असं मातीतून वर आलं पाहिजे. क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्यातलं एक काम अडलं की पुढचं सगळं अडतं तो कामांचा क्रम, तोही आम्ही टेकडीवरच शिकवतो. आधी माथ्यावरचे चर, मग ओघळीतले दगडी बांध, शेवटी खालचा सिमेंट बंधारा. क्रम उलटा झाला की वरची माती वाहून येते आणि बंधारा गाळानं भरतो.

आमचा खरा अभिमान मात्र आमचा तक्ता. ब्राऊन पेपर भिंतीला लावला की आधी गावाचं वर्ष मांडायचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली कुटुंबं, मार्च-एप्रिलात त्यांचं परतणं, लग्नसराई, मृग. उरेल तो काळ चराचा. निधी मात्र अनेकदा जानेवारीत पडतो आणि 31 मार्चला उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी कामावर खर्च झाल्याचा दाखला, मागितलं जातं. नेमके तेव्हा गावातले राबणारे हात उसाच्या फडात असतात. ऊसतोडीची ओळ आमच्या तक्त्यात सगळ्यात वर असते ती यासाठी, आणि ती कल्पना आमची आहे.

कंपनी कायद्याचं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू झालं, सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा आला, कामं मिळत गेली.

मग आलं 2020. मार्चात टाळेबंदी लागली, तुकड्या थांबल्या. तेवढं निभावलं असतं. पण सप्टेंबरात एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशी देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली आणि मिळालेला परदेशी निधी एका संस्थेनं दुसरीकडे देणंच बंद झालं. मोठ्या संस्थेकडून निधी घेऊन गावात काम करणाऱ्या लहान संस्था हीच आमची गिऱ्हाइकं होती. ठरलेल्या तुकड्या एकामागून एक रद्द झाल्या. भाड्याचं केंद्र सोडलं, प्रोजेक्टर विकला, अप्पांनी मानधन घेणं थांबवलं.

त्याच काळात शहरातल्या एका कंपनीनं दोन तासांचा ऑनलाइन कोर्स काढला. त्यांची माणसं आधी आमच्या तुकडीत निरीक्षक म्हणून बसून गेली होती. त्यांच्या स्लाइडवर आमचा तक्ता होता, ऊसतोडीच्या ओळीसकट, आणि आमचं नाव कुठेच नव्हतं. दर आमच्या निम्म्याहून कमी. आमच्या जुन्या गिऱ्हाईक कंपनीतल्या सीएसआर अधिकाऱ्यांनी मला सांगितलं, “त्यांच्या प्रमाणपत्रावर क्यूआर कोड असतो, तुमच्या नसतो.” तो राग अजून गेलेला नाही. उतारावर एकही चर न आखता प्रमाणपत्र घेतलेला कार्यकर्ता अंदाजपत्रकात चराची लांबी कुठून आणतो, हे त्या कोर्सवाल्यांना कुणीही विचारलं नाही.

तेव्हा एका महिला संस्थेच्या ताईंचा फोन आला. आमच्या पहिल्या तुकड्यांपैकी एकीत त्या होत्या. म्हणाल्या, “दादा, मोबाइलवरचं आमच्या बायांना नको. त्यांना टेकडीवर न्या. पैसे हप्त्यानं देईन, पण बुडवणार नाही.” बायकांनी गटाच्या बचतीतून पैसे काढले. अंतर ठेवून, तोंडाला पदर बांधून त्यांनी चर आखले आणि मस्टरचं गणितही स्वतः केलं. ठरलेल्या तारखेला हप्ता न चुकता आला. त्यांनीच पुढे शेजारच्या तालुक्यात आमचं नाव सांगितलं आणि फर्म पुन्हा उभी राहिली. आज गिऱ्हाइकं बरीच आहेत, तरी तारखा ठरवताना पहिला फोन ताईंना जातो.

प्रस्ताव लिहिणाऱ्यांना सांगतो. प्रशिक्षणाची ओळ वेगळी ठेवू नका, ज्या कामासाठी शिकवणार त्या कामाच्या खर्चात घाला. वेगळी ओळ हिशेबनीस सगळ्यात आधी कापतो. खोदकामाची मापं एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, रोजच्या रोज चढवा, पाऊस पडून चरात गाळ बसला की खोली पटवून देता येत नाही. आणि मुदत मागायची असेल तर जानेवारीतच मागा, गावाचा तक्ता पत्राला जोडून.

पुढची तुकडी एप्रिलात, ऊसतोडीची माणसं परतल्यावर. येताना आपल्या गावाचा गटनकाशा आणि मागच्या वर्षीचं एक मस्टर आणा. सकाळी सातला टेकडीच्या पायथ्याशी जमायचं.