मांड्यातली किल्ली

वाचनालयातली रहस्यकथा म्हटली की आधीच्या वाचकाची पेन्सिल आलीच. सतराव्या पानाच्या समासात बारीक अक्षरात: 'खुनी आचारी'. बेळगावात वाचनालयाची परंपरा १८४८ पासूनची. पेन्सिलीचीही तेवढीच जुनी असावी. खानापूरकडून पाऊस चढून आलाय, दुपारभर उंबऱ्याबाहेर पडायची सोय नाही, आणि हातातल्या पुस्तकाचं हे असं.

एक जात मात्र पेन्सिलीला पुरून उरते. भुताखेतांची, विनोदी, आणि सांगणारा थोडा लबाड असलेली खूनकथा. तिथे खुनी कोण हे कळून भागत नाही. सांगणारा आपल्याला कुठे गंडवतोय, ते पकडण्यात खरी गंमत.

समजा, लग्नघरात सावकार बंद कोठीत मरून पडलाय. कुलूप बाहेरून, किल्ली गायब. पिंपळावरचा मुंजा भिंतीतून आरपार जातो, तेव्हा आळ त्याच्यावर. गोष्ट सांगतोय आचारी: बढाईखोर, दर पानाला स्वतःची तारीफ. पुढे किल्ली सापडते ती मांड्याच्या घडीत, आणि घडीला कुठे तडा नाही. आता मांडा कसा करतात ते आठवा. हातावर ताणून पातळ केलेली पोळी उपड्या घातलेल्या तापल्या भांड्यावर टाकायची, वर पिठीसाखर, खसखस पेरायची आणि गरम आहे तोवरच घडी घालायची. गार झाला की तो कुरकुरीत होतो. दुमडायला गेलात तर चुरा. म्हणजे किल्ली आत गेली ती चुलीपाशी, आणि चुलीपाशी तर दुसरं कुणी नव्हतंच! आचाऱ्याने ते स्वतःच सांगितलेलं असतं, फुशारकीत: ‘‘माझ्या चुलीला मी कुणाला हात लावू देत न्हाई की!’’

मुंजा कसा सुटतो? भुताला लोखंड चालत नाही, आणि किल्ली लोखंडी. पण हा नियम खुनाच्या आधी सांगितलेला हवा, तोही हसण्यात दडवून: वऱ्हाडातली म्हातारी मुंजाला अडकित्ता दाखवून पिटाळते, वाचक हसतो आणि पान उलटतो. खून झाल्यावर भुताला नवी शक्ती फुटली की पुस्तक तिथेच मिटावं. असल्या कथा बहुतेक याच खड्ड्यात पडतात.

निवेदकानेही सरळ खोटं बोलू नये, गाळावं. एकवीस मांडे केले म्हणतो, पुढे पंगतीत वीस पानांवर एकेक वाढल्याचं सांगतो. एकविसाव्याचं नाव नाही. मध्येच ‘मग थोड्या वेळाने’ आलं की तिथे बोट ठेवून थांबायचं. इतरांच्या हातांचं भरभरून वर्णन करणारा स्वतःच्या हातांबद्दल गप्प असेल, तर आणखीच सावध.

१९२९ साली रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. दुसऱ्यात अमानवी शक्तींना मज्जाव. नवव्यात म्हणे डिटेक्टिव्हच्या बावळट मित्राने मनात आलेलं काही वाचकापासून लपवू नये, आणि त्याची अक्कल सरासरी वाचकापेक्षा किंचितच, अगदी किंचितच कमी असावी. आपला आचारी दोन्ही नियम धाब्यावर बसवतो. बिघडलं काय? वेताळाच्या गोष्टींत तर सांगणारा खुद्द प्रेतातून बोलतो, कोड्यामागून कोडं घालतो, आणि शेवटी राजाला सावध करतो की हा जोगी तुझाच बळी द्यायला टपलाय. खून व्हायच्या आधीच उकल! पाद्रीबुवांना हे कुठल्या कलमात बसवता आलं असतं कोण जाणे.

शेवटच्या वीस पानांत सगळं उलगडून सांगणारा लेखक मात्र नको. आचाऱ्याने बढाई मारतामारताच पकडलं जावं, आणि पुस्तक संपावं. मुंजावर फुकटचा आळ आला, त्याचं काय, हे कुणीच विचारत नाही. तो बिचारा पिंपळावरच.