पोलिसांच्या दप्तरी काय आहे?

वेगवेगळ्या शतकांतल्या दोन खूनकथांची तुलना शिकवायची म्हटली, की पहिल्याच तासाला फळ्यावर तक्ता येतो. डावीकडे कॉनन डॉयलची 'द स्पेकल्ड बँड' (1892), उजवीकडे रोआल्ड डालची 'लॅम्ब टू द स्लॉटर' (1953). डावीकडे शेवटपर्यंत रहस्य, उजवीकडे सगळं आधीच उघड. डावीकडे चतुर गुप्तहेर, उजवीकडे बावळट पोलीस. आणि सगळ्यात खाली गाइडांचा लाडका रकाना: 'न्याय होतो / न्याय होत नाही'. मुलं तो पाठ करतात, परीक्षक तोच शोधतात, सगळे खूश.

मी गोष्ट तोडून वाटते. डॉयलची शेवटची पानं माझ्याकडे ठेवायची आणि फळ्यावर नुसत्या वस्तू लिहायच्या: जमिनीला ठोकून बसवलेला पलंग, ओढली तरी न वाजणारी घंटेची दोरी, बाहेरच्या हवेऐवजी शेजारच्या खोलीत उघडणारा झरोका, मांजर नसलेल्या घरात दुधाची बशी. हेतूसाठी हिशोब: मेलेल्या बायकोच्या पैशाचं वर्षाचं उत्पन्न 750 पौंड, लग्न झालं की प्रत्येक मुलीचे 250. दोघींची लग्नं झाली तर सावत्र बापाच्या हाती काय उरतं, ते मुलांनीच काढायचं. (दूध असतं सापासाठी. सावत्र बाप तो झरोक्यातून, दोरीवरून मुलीच्या पलंगावर सोडतो.) साप दूध पीत नाही, हे दर वर्षी कुणीतरी सुनावतंच. पण वजाबाकी झाली की वर्ग त्या बापाच्या, डॉ. रॉयलॉटच्या मागे हात धुऊन लागतो.

डालच्या कथेत लपवायला काही उरत नाही. मेरी मलोनी गोठलेली मेंढीची तंगडी नवऱ्याच्या डोक्यात घालते, ते आपल्या डोळ्यांदेखत. तिथे मी थांबते ती नंतरच्या आरशापाशी. वाण्याकडे जायच्या आधी ती आरशासमोर बसून हसायचा सराव करते, बटाटे आणि वाटाणे मागायची वाक्यं मोठ्याने म्हणून बघते. आवाज नीट लागत नाही म्हणून पुन्हा म्हणते. हा तुकडा मी दोनदा वाचून घेते. सहा महिन्यांच्या गरोदर बाईबद्दलची वर्गाची कणव तिथे जराशी हलते.

यंदा तक्त्याचा कंटाळा आला म्हणून सांगितलं, दोन्ही प्रकरणांचा पोलिसी अहवाल लिहा. पोलिसांना जेवढं कळलं तेवढंच लिहायचं, वाचकाला माहीत असलेलं एक अक्षर नको.

दुसरा अहवाल सोपा होता: अज्ञात इसम, जड हत्यार, हत्यार मिळून आलं नाही. (मेरीने ती तंगडी भाजून तपासाला आलेल्या पोलिसांनाच वाढलेली असते, म्हणजे हत्यार त्यांच्याच पोटात.) पहिल्यावर मात्र एक मुलगी अडली. शेवटचं पान पुढे करून म्हणाली, "मॅडम, इथे पण पोलिसांना काही कळलेलंच नाही."

खरंच आहे ते. सरकारी चौकशीचा निष्कर्ष काय? डॉक्टर विषारी प्राण्याशी नसता खेळ करताना मेला. गुप्तहेर होम्सने छडीने झोडपून साप उलटा पाठवला आणि तो डॉक्टरलाच चावला, हे दप्तरी कुठेच नाही. आपण या मरणाला आडून जबाबदार आहोत हे होम्स स्वतःच म्हणतो. वर, मनाला फारसं लागेल असं वाटत नाही, असंही. ही कथा सांगणारा त्याचा मित्र वॉटसन इतकी वर्षं गप्प, कारण जीव वाचलेल्या सावत्र मुलीला, हेलन स्टोनरला वचन दिलेलं. ती वारल्यावरच तो लिहायला मोकळा होतो.

म्हणजे दोन्ही कथांत माणूस मेला तो कसा, हे पोलिसांना माहीत नाही आणि वाचकाला माहीत आहे. मग चतुर गुप्तहेर आणि बावळट पोलीस या रकान्यांचं काय करायचं? वर्ग दोन तट पडून भांडला. एकाचं म्हणणं, होम्सने बचावासाठी मारलं. दुसरा म्हणाला, मग पोलिसांना सांगितलं का नाही? मी मधे पडले नाही. असे तास वर्षातून फार मिळत नाहीत.

परीक्षेत त्या मुलीने तेच लिहिलं: दोन्ही कथांत न्याय पोलिसांच्या पाठीमागे होतो, फरक एवढाच की 1892 मध्ये तो उरकणाऱ्याला आपण टाळ्या वाजवतो. पेपर माझ्याकडे नव्हता. तपासणाऱ्या सहकाऱ्याने त्या परिच्छेदावर लाल रेघ मारून शून्य दिलं. मी कथेचं शेवटचं पान घेऊन गेले, तर म्हणाले, "अहो मॅडम, तुमचं बरोबर असेल, पण नमुना उत्तरात नाही ना." माणूस वाईट नाही. गठ्ठा मोठा असतो, मुदत कमी असते. पण कथा त्यांनी शेवटची कधी वाचली असेल, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता.

मुलीला मार्कांचं फारसं वाटलेलं दिसलं नाही. तिला वेगळंच पडलं होतं. हेलन मेल्यावर वॉटसन बोलतो, मग मेरी मेल्यावर तिची गोष्ट सांगणारं कोण? खुनाच्या वेळी तिच्या घरात तर दुसरं कुणीच नव्हतं. मी म्हटलं, निवेदक. ती म्हणाली, "पण त्याला कुणी वचन मागितलं होतं का?"

याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. फेरतपासणीचा अर्ज भरलाय. तो त्याच सहकाऱ्यांच्या टेबलावर जातो.