लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत येताय? वजनाचा तक्ता आधी समजून घ्या

लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघणाऱ्या आईच्या बॅगेत खारीक, डिंक, अळीव, सुंठ ठरलेलं असतं. इथे पोचल्यावर पहिला खटका उडतो तो बहुधा वजनाच्या काट्यावरून. मुलगी तपासणीहून येऊन सांगते, "वजन जरा भराभर वाढतंय म्हणाल्या." आई म्हणते, "अगं, दोन जिवांची आहेस, वाढणारच." वाढायला हवंच, पण किती आणि कोणत्या वेगाने, हे ठरवायला इथले डॉक्टर एक तक्ता वापरतात. तो घरातल्या सगळ्यांना, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्या माणसाला, माहीत असायला हवा.

तक्ता 2009 चा, अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा. गरोदरपणाआधीचं वजन किलोत घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा मिळतो. तो 18.5 च्या खाली असेल तर नऊ महिन्यांत 12.5 ते 18 किलो वाढ अपेक्षित असते. 18.5 ते 24.9 असेल तर 11.5 ते 16 किलो, 25 ते 29.9 असेल तर 7 ते 11.5, आणि 30 किंवा जास्त असेल तर 5 ते 9. जुळ्यांसाठी आकडे वेगळे असतात. इथे काटा पौंडात असतो, पौंडांना 2.2 ने भागलं की किलो.

एकूण आकड्यापेक्षा वेग जास्त सांगून जातो. पहिल्या तीन महिन्यांत मिळून अर्धा ते दोन किलो पुरे. उलट्यांमुळे एखादा किलो उतरला तरी डॉक्टर सहसा घाबरत नाहीत. चौथ्या महिन्यापासून 18.5 ते 24.9 च्या गटातल्या बाईचं आठवड्याला चारशे-साडेचारशे ग्रॅम, 25 च्या वरच्या गटातलीचं पावणेतीनशेच्या आसपास आणि 30 च्या वर दोनशेच्या आसपास वाढावं. साधारण साडेबारा किलो वाढले, तर बाळ तीन-सव्वातीन किलोचं असतं. वार, गर्भजल, मोठं झालेलं गर्भाशय, वाढलेलं रक्त, स्तन आणि अंगातलं पाणी मिळून सहा किलोच्या आसपास होतात. उरलेली चरबी, जी अंगावर पाजताना कामाला येते. याच्या पलीकडचं बहुतेक सगळं चरबीतच जातं.

आता बाळाचा पुढच्या आयुष्यातला आकार. आईचं वजन खूप वाढलं की मूल पुढे जाड होतं, हे अनेक पाहण्यांत दिसत होतं. पण आईचे जीन्स आणि घरचं जेवण मुलाकडेही जातंच, मग दोष नक्की कशाचा? अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात याचा छडा लावणं शक्य झालं. तिथे 2003 च्या कायद्याने शाळेत मुलांचा बीएमआय मोजायला सुरुवात झाली. संशोधक डेव्हिड लुडविग आणि सहकाऱ्यांनी ते आकडे जन्मनोंदींशी जोडले आणि एकाच आईच्या दोन-तीन मुलांची आपापसात तुलना केली. आई तीच, घर तेच, मुख्य फरक त्या-त्या गरोदरपणातल्या वाढीचा. 42,133 आया आणि 91,045 मुलं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: आईच्या प्रत्येक जादा किलोमागे सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास मुलाचा बीएमआय 0.022 ने जास्त. म्हणजे दहा किलो जास्त वाढले, तर दीडशे सेंटीमीटर उंचीच्या मुलाच्या अंगावर साधारण अर्धा किलो. जन्मवजनाचा हिशेब वजा केला तर परिणाम सुमारे एक तृतीयांशाने घटतो, पण जात नाही.

अर्धा किलो ऐकून कुणी म्हणेल, एवढंच? एका मुलापुरतं खरंच एवढंच, आणि म्हणूनच जाड मुलाच्या आईला कुणी बोल लावू नये. मुलाचं खाणं, झोप, खेळणं यांचा वाटा राहतोच. पण हा छोटासा धक्का बाळ जन्मायच्या आधी बसतो आणि तो टाळणं बऱ्याच अंशी हातात असतं, म्हणून लक्ष द्यायचं.

यामागचं कारण मुख्यतः साखरेत शोधतात. आईच्या रक्तातलं ग्लुकोज वारेतून बाळाकडे जातं, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. साखर जास्त आली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, आणि त्या इन्सुलिनने बाळावर चरबी चढते.

आपल्या लोकांसाठी इथे एक जास्तीची मेख आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. पण आपल्या बाळांमध्ये कमी होते ते स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. हीच ठेवण मोठेपणीही दिसते, म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ 23 वर धरतात, अमेरिकेचा तक्ता मात्र सगळ्यांना 25 लावतो. पाच फूट दोन इंच, म्हणजे 157 सेंटीमीटर उंचीची, 60 किलोची मुलगी घ्या: बीएमआय 24.3. इथे ती 'नॉर्मल', आपल्याकडे जास्त वजनाची. तिने 16 किलोकडे न धावता 11.5 च्या बाजूला राहणं शहाणपणाचं, असं आमचं मत. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सरळ विचारावं. उलटपक्षी 45 किलोच्या बारीक मुलीला "कमी खा" सांगणं घातक. बाळ अशक्त जन्मू शकतं. गरोदरपणात वजन उतरवायचं डाएट कुणीच करू नये.

स्वयंपाकघरातलं गणित साधं आहे. पहिल्या तीन महिन्यांत वेगळ्या कॅलरी लागत नाहीत. मधल्या तीन महिन्यांत रोज सुमारे 340, शेवटच्या तीन महिन्यांत सुमारे 450. लिंबाएवढा तुपाचा लाडू दीड-दोनशेचा असतो. दोन लाडू आणि ग्लासभर संत्र्याचा रस घेतला की शेवटच्या महिन्यांचा कोटा संपला, डाळ-दही-भाजीला जागाच उरली नाही. म्हणून जादा खाणं उसळ, अंडं, पनीर, वाटीभर घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे यांतून यावं. रसाऐवजी अख्खं फळ. डिंकाचे लाडू बाळंतिणीसाठी राखून ठेवा, तेव्हाही दिवसाला एक.

दुसरी अडचण चालण्याची. आर्कान्सातल्या बेंटनव्हिलसारख्या गावांत, जिथे वॉलमार्टच्या नोकरीमुळे आपली बरीच मंडळी आहेत, दूध आणायलाही गाडी काढावी लागते. आठवड्याला 150 मिनिटं चालणं ठरवून करावं लागतं. थंडीत मॉलमध्ये किंवा मोठ्या दुकानात फेऱ्या माराव्यात, बर्फावर नको.

गरोदरपणातला मधुमेह तपासायला चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात 50 ग्रॅम ग्लुकोजचं पेय देऊन तासाभराने रक्त घेतात, त्याला उपाशी राहावं लागत नाही. आकडा जास्त आला तर बहुतेक ठिकाणी उपाशीपोटी 100 ग्रॅमची तीन तासांची चाचणी होते. भारतात अशा दोन टप्प्यांऐवजी सहसा एकाच टप्प्यात 75 ग्रॅम देतात, त्यामुळे अहवाल एकमेकांशी ताडू नका.

आणि एका आठवड्यात अचानक दोन-अडीच किलो वाढले, चेहरा-हात सुजले, डोकं दुखू लागलं किंवा डोळ्यांपुढे ठिपके आले, तर खाण्याचा दोष काढत बसू नका. हे रक्तदाबाचं, प्रीएक्लॅम्प्सियाचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांच्या नंबरवर फोन करायचा. तपासणीत 140/90 किंवा जास्त दाब असेल तर पुढचं ते ठरवतात.

काट्यावर दर वेळी जॅकेट आणि बूट काढून उभं राहावं, नाहीतर हिवाळ्यात दीड-दोन किलोची खोटी वाढ नोंदली जाते. दुसऱ्या बाळाच्या वेळी तक्ता पुन्हा पहिल्यापासून लागतो, त्या वेळच्या वजनाने. पहिल्या खेपेचे पाच किलो उतरलेच नसतील तर 157 सेंटीमीटरची तीच मुलगी 65 किलोवर, म्हणजे 26.4 वर सुरुवात करते आणि तिची मर्यादा 16 वरून 11.5 वर येते. एक बाळंतपण आणि पुढची गर्भधारणा यांत निदान दीड वर्षाचं अंतर ठेवायला डॉक्टर सांगतात, त्या काळात अंगावर पाजणं आणि रोजचं चालणं सुरू राहिलं तर हे पाच किलो बऱ्याच जणींचे उतरतात.