तीस जानेवारी मार्गावर मी पुणं लपवलं

दिल्लीत चार दिवस होतो. लाल किल्ला, कुतुबमिनार, चांदणी चौकातले पराठे, सगळं रीतसर झालं. त्यावर आधीच ढीगभर लिहिलं गेलंय. मी लिहायला बसलोय ते एका थापेपायी.

रविवारी सकाळी सफदरजंग रोडवरचं इंदिरा गांधींचं घर पाहिलं. पाहिलं म्हणजे लोंढ्याबरोबर पुढे ढकलला गेलो. ३१ ऑक्टोबर १९८४ ला नेसलेली साडी काचेआड आहे, पण तिच्यासमोर उभं राहीपर्यंत मागून "चलिए, चलिए" सुरू. बागेतल्या ज्या वाटेनं त्या शेवटचं चालल्या, तिच्यावर स्फटिक अंथरलाय. त्याला पाठ करून लोक फोटो काढत होते. माझं डोकंच फिरलं.

तिथून चालत तीस जानेवारी मार्गावरच्या बिर्ला हाऊसला गेलो. तिकीट नाही आणि गर्दी तर अजिबातच नाही. गांधीजी इथे शेवटचे १४४ दिवस राहिले. खोलीत जमिनीवर गादी, बुटकं मेज, चरखा, एवढाच संसार. खोलीपासून बागेकडे त्यांची पावलं उठावात केलेली आहेत. सरदार पटेलांशी बोलणं लांबलं म्हणून त्या दिवशी ५ च्या प्रार्थनेला उशीर झाला होता. मनू आणि आभा यांच्या खांद्यांवर हात ठेवून ते भराभर निघाले. ५ वाजून १७ मिनिटांची वेळ. पावलांच्या कडेनं मीही चाललो आणि ती संपली तिथे थबकलो.

आमच्या घरात याला कायम 'गांधीवध' म्हणत. अरे, वध कंसाचा होतो, अफजलखानाचा होतो! पन्नाशीला आलो तरी हा शब्द कधी खटकला नव्हता. तो त्या पावलांपाशी खटकला. आजोळचा कऱ्हाडकडचा वाडा खुनानंतर ब्राह्मणांच्या घरांची जी जाळपोळ झाली तिच्यात गेला. आजी फक्त "अठ्ठेचाळीस साली" म्हणायची आणि पुढे गप्प. जळिताबद्दल आम्ही हळहळलो, पण ते ज्याच्यामुळे पेटलं त्या खुनाबद्दल घरात कुणी चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यात पहारेकरी जवळ आला. वयस्कर, अदबशीर. "कहाँ से आए हैं?"

गोडसे-आपटे पुण्याचे, त्यांचं 'अग्रणी' हे वर्तमानपत्र पुण्यातून निघायचं. त्या बिचाऱ्याच्या मनात यातलं काहीही नसणार. तरी माझ्या तोंडून निघालं, "मुंबई."

त्याचा चेहरा खुलला. "बंबई! हम भी रहे हैं, कुर्ला में. आप किधर?"

"दादर."

जन्म सदाशिव पेठेतला. बायको माझ्याकडे बघतच राहिली. त्यानं मोठ्या आपुलकीनं दादरच्या फुलबाजाराची चौकशी केली आणि मी बाजार जोरात चाललाय म्हणून सांगितलं.

रिक्षात बसल्यावर बायको एवढंच म्हणाली, "दादरला कुठे, पूर्वेला की पश्चिमेला?"