प्लेसमेंटचा टक्का, पण कितीपैकी?

बारावीचा निकाल लागला की बडोद्यात दांडिया बाजारापासून वाघोडिया रोडपर्यंतच्या मराठी घरांत एकच चौकशी सुरू होते: कुठल्या कॉलेजचं प्लेसमेंट चांगलं? मग माहितीपत्रकातला आकडा पुढे येतो, ९३ टक्के. हा आकडा सहसा खोटा नसतो. पण तो कितीपैकी, हे फारसं कुणी विचारत नाही, आणि प्लेसमेंट सेल, म्हणजे मुलांना नोकरी मिळवून देणारं कॉलेजचं कार्यालय, किती कामाचा आहे ते नेमकं तिथेच उघडं पडतं.

समजा एका शाखेत शेवटच्या वर्षाला २४० मुलं आहेत. सेलकडे नाव नोंदवलं १२० जणांनी. ६० टक्के गुण हवेत आणि एकही एटीकेटी नको, या अटीत बसली ९०. ऑफर आल्या ८४. भागा ८४ ला ९० ने, झाले ९३ टक्के. आता यादी नावानिशी लावा. हुशार मुलांच्या हातात दोन-दोन, तीन-तीन ऑफर असतात, म्हणून ८४ ऑफर प्रत्यक्षात ६६ जणांच्या निघतात. रुजू झाले ५२. २४० पैकी ५२ म्हणजे २२ टक्केसुद्धा नाहीत.

पण सरळ २४० ने भागणंही सेलवर अन्याय करणारं आहे. बडोद्यात बाहेरदेशी शिकायला जाणारे कमी नाहीत, कुणी जीपीएससीला, म्हणजे गुजरातच्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला, बसतो, कुणी घरच्या धंद्यात शिरतो. अशी ९५ मुलं लेखी विचारून बाजूला काढली, तर नोकरी खरोखर हवी असलेली १४५ उरतात. ५२ भागिले १४५, साधारण ३६ टक्के. माझ्या मते हाच प्रामाणिक आकडा. अट एवढीच की ‘नोकरी नको’ हे मुलाने स्वतः लिहून दिलेलं हवं. ज्याचा पत्ता लागत नाही त्याला परस्पर ‘उच्च शिक्षण’मध्ये ढकललं की सगळा हिशोब बिघडतो.

ही ताडणी घरबसल्या करता येते. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी, २०१६ पासून निघते आणि त्यासाठी भरलेली माहिती संस्थेला स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या तक्त्यात वर्षवार प्रवेश किती, ठरलेल्या मुदतीत पास किती, नोकरी लागलेले किती, मधला पगार (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा) किती आणि पुढे शिकायला गेलेले किती, असे रकाने असतात. पास झालेल्यांतून नोकरीवाले आणि पुढे शिकणारे वजा करा. जे उरले त्यांचं काय झालं, हा प्रश्न घेऊन सेलच्या दारात जा. आणि संपूर्ण विद्यापीठाचा एकच टक्का कुणी सांगितला तर तो सोडून द्या. सयाजीराव विद्यापीठासारख्या ठिकाणी कॉमर्स, टेक्नॉलॉजी आणि फाइन आर्ट्स एकाच छताखाली आहेत. स्वतंत्र काम करणाऱ्या चित्रकाराची कमाई ‘नोकरी लागली’ या रकान्यात बसवायची तरी कशी? शाखावार तक्ताच मागावा.

पगाराच्या बाबतीत सर्वांत मोठं पॅकेज विसरा, सरासरीही विसरा. एका मुलाच्या ४० लाखांनी सगळ्या वर्गाची सरासरी वर चढते. मधला पगार बघा, आणि तोही फोडून. ४,२०,००० चं सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्या मुलावरचा वर्षाचा एकूण खर्च, घेऊ. मूळ पगार २,१०,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी २५,२००, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी १०,१०१, कामगिरीवर मिळणारा भाग ४२,०००. हे तिन्ही दरमहा हातात येत नाही. उरलेल्या ३,४२,६९९ मधून मुलाच्या वाट्याचा पीएफ पुन्हा २५,२०० आणि गुजरातचा व्यवसाय कर २,४०० कापला जातो. महिन्याला हातात येतात २६ हजारांच्या आसपास, आणि घरी मात्र ‘महिना ३५ हजार’ म्हणून पेढे वाटून झालेले असतात. बाहेरगावी खोलीचं भाडं भरायचं असेल तर हा फरक पहिल्याच महिन्यात बोचतो. हा हिशोब ऑफर स्वीकारण्याआधी मुलाला समजावून देणं हे सेलचंच काम.

खरी गडबड पुढे होते. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या सात निकषांच्या चौकटीत पाचवा निकष विद्यार्थ्यांच्या साहाय्याचा आणि प्रगतीचा. त्या फाइलला ऑफर लेटरची प्रत लागते, म्हणून कार्यालयाचा सगळा जोर ती प्रत मिळवण्यावर. प्रत लागली की पाठपुरावा थांबतो. पण नुसतं इरादापत्र म्हणजे नेमणूक नव्हे. रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली जाते, कधी कंपनी भरतीच गुंडाळते. अमेरिकेत नेस ही करिअर सेवांची संघटना पदवीनंतर सहा महिन्यांपर्यंतची स्थिती धरते आणि किमान ६५ टक्के पदवीधरांची माहिती हाती असावी असं सांगते. ब्रिटनमध्ये हीच चौकशी १५ महिन्यांनी होते. आपल्याकडे सहा महिन्यांचा एक फोन झाला तरी खूप.

तो नीट व्हायचा तर तयारी आधीच लागते. कॉलेज सोडताना लागणाऱ्या ‘नो ड्यूज’वर (काही देणं बाकी नसल्याच्या कागदावर) सही देतानाच अर्ज भरून घ्या, कारण त्या दिवशी प्रत्येक जण येतोच. मुलाच्या नंबरासोबत आईचा किंवा वडिलांचा नंबर घ्या. मुलं गाव बदलली की सिम बदलतात. फोन रविवारी सकाळी. प्रश्न पाचच: काम काय, कुठे, हातात किती, शिकलेल्याशी संबंध आहे का, नोकरी कुणामार्फत लागली. पाचवा प्रश्न सर्वांत मोलाचा आणि नेमका तोच गाळला जातो. काकांच्या ओळखीने लागलेली नोकरी सेलच्या खात्यावर जमा होते ती इथेच. ज्यांनी फोन उचलला नाही त्यांना ‘माहिती नाही’ असाच वेगळा रकाना द्या. नोकरी लागलेला आनंदाने बोलतो, घरी बसलेला फोन टाळतो. म्हणून फक्त उत्तरं मोजली की निकाल फुगतो.

सेलमुळे फरक पडला का, हे तपासणं त्याहून अवघड. सराव मुलाखतीला येतात तीच मुलं मुळात धडपडी. त्यांना नोकरी लागली म्हणून सराव उपयोगी ठरला असं म्हणता येत नाही. यावर सोपी युक्ती आहे. जागा ३० आणि अर्ज ६० आले तर ‘आधी येईल त्याला’ न करता चिठ्ठ्या टाका. उरलेल्या ३० जणांना पुढच्या महिन्यात घ्या आणि मधल्या ड्राइव्हमध्ये (कंपन्यांच्या कॅम्पस भरतीत) दोन्ही गटांचं काय झालं ते लिहून ठेवा. एका खेपेचा आकडा लहान असतो, तेव्हा तीन-चार खेपा एकत्र करूनच काही ठरवा.

प्रत्येक ड्राइव्हनंतर मुलं कुठल्या फेरीत गळली हेही नोंदवायला हवं. १०० पैकी ७० अॅप्टिट्यूडलाच गळत असतील तर बायोडेटा सजवण्याची कार्यशाळा वाया जाते. तिथे टक्केवारी, गुणोत्तर आणि वेळ लावून सोडवण्याचा सराव हवा. तांत्रिक फेरीत गळती असेल तर ते विभागाच्या शिक्षकांना कळवा, सेल एकटा त्याला पुरा पडणार नाही. मराठी किंवा गुजराती माध्यमातून आलेली मुलं लेखी फेरी पार करून एचआरच्या मुलाखतीला अडकत असतील तर महिनाभर रोज वीस मिनिटं इंग्रजीतून बोलायला लावणं कामी येतं.

आणि कंपन्या मोजताना जवळच्या विसरू नका. मकरपुरा, नंदेसरी, सावली, हालोल इथले बरेच लहान कारखाने कॅम्पसवर येत नाहीत. त्यांना एक क्वालिटी इन्स्पेक्टर, एक अकाउंट्स बघणारा हवा असतो आणि तो फोनवर मागितला जातो. मोठ्या आयटी कंपनीने एका दिवसात चाळीस मुलं उचलली की कार्यालयाचं वर्ष सुखाचं जातं. या एकेका जागेसाठी मात्र माणूस स्कूटरवरून जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फिरावा लागतो. अशा किती कारखान्यांनी दुसऱ्या वर्षी आपणहून फोन केला, तो आकडा सेलच्या वहीत आहे का ते जरूर बघा. मुलगा पाठवला आणि तो टिकला, याशिवाय तो फोन येत नाही.