वर साहेब नाही, मग काम होतं कसं?

आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या इमारतीत, लग्नाकार्यात, अगदी ग्राहकांच्या घरीही मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, तुम्ही घरून काम करता, वर कोणी साहेब नाही, मग टाळाटाळ होत नाही? रोज बसवतं कसं?" विचारणाऱ्या बऱ्याच जणी ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांत नोकरीला आहेत, आठवड्यातले काही दिवस घरून काम करतात. सकाळी काढलेलं काम संध्याकाळी तसंच पडलेलं दिसलं की स्वतःवर चिडतात. जिन्यात उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

मी छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते. जांभळी नाक्यावरचे मसाल्याचे आणि किराण्याचे दुकानदार, वागळे इस्टेटमधली काही वर्कशॉप, एक केटरर. पूर्वी मस्जिद बंदरला एका पेढीत नोकरी होती. आता हॉलच्या खिडकीशी टेबल आहे. साहेब नसला तरी आमच्या धंद्याला कॅलेंडर आहे. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापून घेतलेला कर, भरायचा. जीएसटीचं महिन्याचं रिटर्न भरणाऱ्यांचं ११ला जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचा तपशील, आणि २०ला थ्री-बी, म्हणजे हिशेब करून कर भरायचं रिटर्न. थ्री-बीला उशीर झाला तर कर भरायचा असणाऱ्याला दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. एवढ्या पक्क्या तारखा असताना टाळाटाळीला वावच नाही असं वाटेल. पण ११ ते २०च्या मधे वाव भरपूर असतो.

टाळाटाळ म्हणजे आळस असं आपण धरून चालतो आणि उपायही आळसावरचे करतो. पहाटेचा गजर, रंगीत वेळापत्रक, नवी डायरी. मला हे निदानच पटत नाही. काम टाळणारं माणूस त्या वेळात लोळत नसतं, निदान घरात तरी नाही. ते कपाट आवरतं, मेथी निवडतं, ओटा घासतं, मुलांच्या वह्यांना कव्हरं घालतं. आळशी माणूस ओटा घासायला उठेल का? म्हणजे पळ कष्टांपासून काढलेला नाही. शिवाय घरात पळून जायला इतक्या प्रतिष्ठेच्या जागा असतात की कोणी टोकत नाही, उलट कौतुक होतं. ऑफिसात तुम्ही भर दुपारी मेथी निवडायला बसलात तर चार जण विचारतील. घरून काम करणं अवघड जातं ते मला वाटतं इथेच. टीव्ही आणि मोबाइल ओळखता येतात. घरकामाच्या रूपात आलेली टाळाटाळ ओळखू येत नाही.

मग पळ कशापासून? माझ्या कामातलं उदाहरण देते. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर टू-बी तयार होतं. ग्राहकाने कोणाकडून किती माल घेतला, त्यावर किती कर भरला, याची ती यादी. एखाद्या विक्रेत्याने आपलं रिटर्न भरलेलं नसलं की त्याचं बिल त्या यादीत येत नाही. मग माझ्या ग्राहकाला त्या बिलावरच्या कराची वजावट त्या महिन्यात घेता येत नाही आणि तेवढे पैसे खिशातून भरावे लागतात. हे त्याला फोन करून सांगायचं काम माझं. तो चिडणार हे मला ठाऊक असतं. "मी त्याला टॅक्ससकट पैसे मोजलेत, आता परत मीच का भरू?" हा त्याचा प्रश्न अगदी रास्त असतो, आणि त्याचं समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नसतं.

डायरीत मात्र लिहिलेलं असतं, 'थ्री-बी भरणे'. हे सगळं मिळून तासाभराचं काम. त्यातला बहुतेक भाग मला मनापासून आवडतो. आकडे जुळले की मन शांत होतं. नकोसा असतो तो पाच मिनिटांचा फोन. पण तो अडला की मागचं सगळं अडतं. बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की रिटर्न राहिलं.

टिमोथी पिचिल आणि फुशिया सिरॉइस या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली एका शोधनिबंधात हेच मांडलं आहे. टाळाटाळ हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न कमी आणि मनःस्थिती सांभाळण्याचा जास्त. काम समोर आलं की धास्ती, अपमान होण्याची भीती किंवा गोंधळ वाटतो. काम बाजूला सारलं की त्या क्षणी बरं वाटतं. तेवढ्या बरं वाटण्यासाठी आपण उद्याच्या स्वतःवर ओझं टाकतो. हे वाचल्यावर मला माझ्या कामाकडे बघायची नीट दिशा मिळाली.

तेव्हापासून मी डायरीत कामाचं नाव लिहीत नाही, त्यातला नकोसा भाग लिहिते. 'थ्री-बी' नाही. 'अकराचा चहा झाला, कप खाली ठेवला, की मसाल्याच्या दुकानात फोन. दोन बिलं दिसत नाहीत.' सोबत फोनवर बोलायचं पहिलं वाक्य शब्दन् शब्द लिहून ठेवते: "शेठ, एक अडचण आहे, तुमच्याकडून काही चुकलेलं नाही, पण ऐकून घ्या." पहिलं वाक्य तयार असलं की पुढचं बोलणं आपोआप होतं. कप खाली ठेवणं आणि फोन उचलणं यांची गाठ घालण्यामागेही अभ्यास आहे. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९मध्ये दाखवून दिलं की 'मी हे करीन' एवढ्या नुसत्या निश्चयापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ऐन वेळी विचार करायला जागाच उरत नाही, हा त्याचा मोठा गुण.

सगळीच टाळाटाळ धास्तीची नसते, हे मात्र लक्षात ठेवा. बँकेच्या स्टेटमेंटवरून शेकडो एंट्र्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायच्या असतात तेव्हा भीती कसलीच नसते, नुसता कंटाळा असतो. त्यावर घड्याळ लावण्याची युक्ती चांगली चालते. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर घेऊन ती शोधली: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. ही युक्ती तुमच्यापैकी अनेक जणी वापरून बघतात आणि उपयोग झाला नाही म्हणून सोडून देतात. माझ्या मते ती चुकीच्या दुखण्यावर लावली जाते. कंटाळवाण्या कामाला टायमर लावा. धास्तीच्या कामाला लावलात तर पंचवीस मिनिटं तुम्ही धास्तीतच बसाल.

आणि एखादा दिवस वाया गेलाच तर स्वतःला बोल लावू नका. हे मी मायेपोटी सांगते, पण त्याला आधारही आहे. मायकेल वोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली. शरमेने काम जास्तच नकोसं होतं. मात्र टाळणं कामापुरतं न राहता आंघोळ, जेवण, माणसांशी बोलणं यांवरही पसरलं असेल, आठवडे तसेच जात असतील, तर तो टाळाटाळीचा विषय नव्हे. त्या वेळी डॉक्टरांशी बोला, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.

आता घराबद्दल. घरून काम केल्याने काम वाढतं याचा दाखला म्हणून चीनमधल्या सीट्रिप या प्रवासाचं बुकिंग करणाऱ्या कंपनीतला प्रयोग नेहमी सांगितला जातो. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकारी यांनी तो केला. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. घरून काम करणाऱ्या कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. पण त्यांना निवडतानाची एक अट फारशी कोणी सांगत नाही: कामाच्या वेळेत घरात स्वतंत्र खोली हवी. आपल्याकडे वन बीएचकेत चार-पाच माणसं राहतात. तुमच्याकडे ती खोली नाही, आणि त्यावरून स्वतःची इच्छाशक्ती मोजत बसलात तर तो स्वतःवर अन्याय होईल.

खोली नसेल तर निदान वेळ तरी स्वतंत्र असावी, आणि ती घरच्यांशी बोलूनच मिळते. बाई घरी बसलेली दिसली की ती मोकळी आहे असं घर धरून चालतं. इस्त्रीवाला, कुरियर, सिलिंडर, शेजाऱ्यांच्या किल्ल्या, "तुम्ही घरीच असता ना" म्हणून ठेवायला दिलेली पार्सलं. मी सासूबाईंना सरळ सांगितलं, "आई, अकरा ते एक मी कामावर असते. तेवढ्या वेळात बेल तुम्ही बघाल का?" त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की आता त्या वेळात माझ्या माहेरचा फोन आला तरी "ती ऑफिसात आहे" असं सांगतात. हे दोन तास मला कुठल्याही ॲपने दिले नसते. नवरे, मुलं, सासरे सगळ्यांशी हे बोलणं करायला हवं, आणि एकदा करून भागत नाही.

दिवस संपल्याची खूणही ठरवून करावी लागते. नोकरीत असताना ती लोकल करायची. मस्जिदला गाडीत चढलं की काम मागे राहायचं. आता संध्याकाळी लॅपटॉप मिटला की मी कचराळी तलावाला फेऱ्या मारायला जाते आणि परत आल्यावर तो उघडत नाही. काम रात्रीपर्यंत पसरू शकतं हे मनाला माहीत असलं की दिवसा निकड वाटतच नाही.

राहता राहिली ती तारीख नसलेली कामं, आणि खरं तर सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. रिटर्न राहिलं तर दंड लागतो, म्हणून ते होतंच. सस्पेन्सला टाकलेल्या, म्हणजे कशाच्या ते न कळल्याने बाजूला ठेवलेल्या नोंदी, विम्याचे कागद, नवं काही शिकणं, डोळ्यांची तपासणी यांना दंड नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं राहतात. अशा कामासाठी मी दुसऱ्या माणसाला तारीख देऊन टाकते. केटररला सांगते, "२५ला सकाळी मी येते, सस्पेन्समधल्या नोंदी समोर बसून सोडवू." तो कागद काढून वाट बघत असतो, त्यामुळे मला जावंच लागतं. घरातलंही एक काम असंच लोंबकळत होतं: सासूबाईंच्या बँक खात्यांना नॉमिनीचं नाव लावायचं. त्यात बोलायला अवघड असं बरंच काही होतं, त्यांनाही आणि मलाही. आता या महिन्याची २६ तारीख ठरली आहे. दोघी बरोबर बँकेत जाणार आहोत, आणि त्यांनी समोरच्या काकूंना ते सांगूनही टाकलं आहे.