दोनच वर्षं

ऑटावा, जानेवारी, रात्रीचे साडेअकरा

आज बसस्टॉपवर उणे २४ होतं आणि डोळ्यांदेखत बस गेली. वीस मिनिटं कुडकुडत उभा, मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. घरी येऊन चहा टाकला तर आईचा फोन, नेहमीचाच प्रश्न, दोन वर्षं म्हणून गेलास, आता नववं लागलं, येणारेस कधी? बघू गं, म्हटलं.

झोप येईना म्हणून मॅप उघडला आणि उगाच वर वर सरकवत गेलो. पार वर, एल्स्मिअर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, ७६ अंश उत्तरेला एक ठिपका. ग्रीझ फियोर्ड. लष्करी तळ आणि हवामान केंद्रं सोडली तर कॅनडातलं सगळ्यात उत्तरेचं गाव. २०२१ च्या जनगणनेत १४४ माणसं, आमच्या बिल्डिंगमध्ये त्याहून जास्त असतील. मागे डोंगर, पुढे वर्षातला बहुतेक काळ गोठलेला समुद्र. नाव दिलं नॉर्वेच्या ओटो स्वेरड्रुपने, अर्थ डुकरांचा फियोर्ड, म्हणजे डुकरांची खाडी, कारण वॉलरसांचं ओरडणं म्हणे डुकरांसारखं. इनुइट, म्हणजे तिकडचे मूळ रहिवासी, म्हणतात औयुइत्तुक, कधीच न वितळणारी जागा. हे नाव जास्त खरं.

मला वाटलेलं ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच असणार. छे! फार पूर्वी त्या बेटावर लोक राहून गेलेत, पण हे गाव माझ्या बाबांच्या वयाचं आहे. १९५३ मध्ये सरकारने क्वेबेकच्या उत्तरेकडच्या इनुकजुआकमधून काही कुटुंबं सी. डी. हाउ नावाच्या जहाजावर चढवली, सोबतीला बॅफिन बेटावरच्या पाँड इनलेटची काही, तिकडची शिकार यांना शिकवायला. सांगितलं काय, तर तिकडे शिकार भरपूर आहे आणि नाही आवडलं तर दोन वर्षांनी परत आणू. दोनच वर्षं! आणि सगळे एकत्र राहाल असं वाटत असताना वाटेत कळलं की काही ग्रीझ फियोर्डला, काही दुसऱ्याच बेटावरच्या रेझोल्यूटला. तो निर्णय याच राजधानीच्या शहरात झालेला, मी रोज ज्या रस्त्यांवरून बसने जातो तिथल्याच कुठल्यातरी ऑफिसात.

इनुकजुआक जवळपास २,००० किलोमीटर खाली. तिथे हिवाळ्यातही थोडा वेळ का होईना सूर्य दिसतो, ग्रीझ फियोर्डला तीन महिन्यांहून जास्त काळ उगवतच नाही. पहिला हिवाळा कापडी तंबूत काढला. अंधारात. प्यायचं पाणी म्हणजे हिमनगाचा बर्फ फोडून आणायचा आणि वितळवायचा. गावाजवळ कस्तुरी बैल फिरतायत पण त्यांना मारायला कायद्याने बंदी, कॅरिबूवरही (तिकडचं रेनडिअर) मर्यादा. शिकार भरपूर म्हणे! सरकारचं म्हणणं होतं की खाली इनुकजुआकला उपासमार होईल म्हणून हलवलं. पण शीतयुद्धाचे दिवस होते आणि त्या बेटांवर कॅनडाची माणसं दिसायला हवी होती, म्हणून पुढे लोक स्वतःला झेंड्याच्या जिवंत काठ्या म्हणायला लागले. मला विचाराल तर मला त्यांचंच पटतं.

परत न्यायला कोणी आलं नाही. सरकारने माफी मागितली २०१० मध्ये. त्याच वर्षी ग्रीझ फियोर्डच्या किनाऱ्यावर एका बाईचा पुतळा उभा राहिला, शेजारी लहान मुलगा आणि एक हस्की कुत्रा, ती बघतेय रेझोल्यूटच्या दिशेला. रेझोल्यूटला एकटा पुरुष, तो बघतो ग्रीझ फियोर्डकडे. फोटो बराच वेळ झूम करून बघत बसलो.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सरकारने एकदाची परतीची सोय केली तेव्हा चाळीसेक जण इनुकजुआकला गेले. बरेचसे म्हातारे. त्यांची मुलं मागेच राहिली, कारण ती त्या बर्फात वाढलेली, त्यांचं गाव तेच. म्हणजे घरं परत तुटली, या वेळी आईबाप एकीकडे, पोरं दुसरीकडे.

मला कोणी जहाजावर चढवलं नव्हतं, तिकीट मीच काढलं होतं, हौसेने. उद्या आईचा परत फोन येईल आणि मी परत बघू म्हणेन.